ओलाव्याचे पैसे कोण भरतं?

२०२५ ची दिवाळी होऊन गेली तरी आमच्या काट्यावर कोरडा म्हणावा असा कापूस येत नव्हता. सप्टेंबरभर पाऊस, ऑक्टोबरातही पाऊस. जी बोंडं फुटली त्यांचा कापूस पिवळट, जी फुटली नाहीत ती आतून सडलेली. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसते. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, पावती काढायची. त्याच खोलीतल्या कपाटात 'शाश्वत कापूस' लिहिलेल्या फाइली आहेत, त्याही माझ्याच गळ्यात. फाइलीतला कापूस आणि काट्यावरचा कापूस एकाच शेतकऱ्याचा असतो, पण दोघांचा हिशेब काही केल्या जुळत नाही.

आधी काट्यावरचं सांगते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल. पेपरात एवढंच छापून येतं. पण हा भाव ८ टक्के ओलाव्याचा होता. त्यापुढच्या दर टक्क्याला ८१ रुपये १० पैसे कापले जायचे, १२ टक्क्यांवर हातात यायचे ७,७८५ रुपये ६० पैसे. बाराच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही, गाडी परत. त्यात त्या हंगामात 'कपास किसान' अॅपवर नोंदणी करून दिवस मिळवायचा होता. म्हणजे ज्याला मुश्किलीनं तारीख मिळाली, भाड्याची गाडी करून जो आला, त्याच्या कापसात मीटरची सुई खुपसली आणि आकडा आला १४. आता तो काय करणार? फाटकाबाहेर व्यापारी उभाच असतो. तो ओला-कोरडा सगळा घेतो, भाव मात्र त्याच्या तोंडचा.

नियम उगाच केलेला नाही, हेही सांगायला हवं. ओला कापूस घेणं म्हणजे कापसाच्या भावानं पाणी घेणं. शिवाय ओली सरकी गंजीत तापते, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) रंग जातो, जिनमध्ये सरकी नीट सुटत नाही. आमचे ग्रेडर मीटर आहे म्हणून मीटर लावतात, पण त्यांचा खरा विश्वास दातांवर. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढतात, एक सरकी मोकळी करून दाढेखाली धरतात. कट्‌ असा आवाज आला की माल कोरडा. नुसतीच दबली की मान हलवतात आणि शेतकऱ्याचा चेहरा पडतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. जिनिंगवाल्याचा सगळा धंदा या उताऱ्यावर. अर्धा-एक किलो उतारा घसरला तरी मालकांच्या कपाळाला आठ्या.

एक म्हातारबुवा मात्र मीटरकडे बघून मला म्हणाले, "पाऊस का म्या पाडला जी, ताई?"

मी पावती फाडून दिली. दुसरं काय करणार? पण प्रश्न डोक्यातून जात नाही. हवामान बदललं, पावसाळा लांबला, हे आता सगळेच बोलतात. त्या लांबलेल्या पावसाचं बिल कोणाच्या नावावर फाटतं, हे पाहायचं असेल तर नोव्हेंबरात आमच्या फाटकावर येऊन उभं राहावं. सूतगिरणीला इथला माल नको असेल तर ती बाहेरून आणते. २०२५ मध्ये तर १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा ओला कापूस बाजारात येण्याच्या वेळी. कपड्याच्या ब्रँडला तर विदर्भात पाऊस पडला की नाही याचा पत्ताही लागत नाही. जिनिंगवाला ओलाव्याची कटती लावून मोकळा. राहिला तो एकटा शेतकरी. त्याच्या मागे ढकलायला कोणी नाही.

आता फाइलीतलं. शाश्वत कापसाच्या प्रकल्पात गावोगाव शेतकऱ्यांचे गट असतात. गटाला शिकवायला गावातलाच पोरगा किंवा पोरगी. शेतकऱ्यानं नोंदवहीत लिहायचं: कोणतं औषध, किती, कधी फवारलं, खत किती टाकलं, पाणी किती दिलं. यातून चांगलं झालेलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही, म्हणजे अळी लागू नये म्हणून बनवलेल्या वाणालाही, जुमानलं नाही. त्यानंतर तोंडाला काही न बांधता पंप पाठीवर घेणं आमच्याकडे कमी झालं. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या) किती पतंग आले हे मोजून मग फवारायचं की नाही ठरवणं, हे या पोरांनीच रुजवलं.

घोळ पुढे आहे. नोंदवलेल्या शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगपर्यंत वेगळा ठेवायचा असतो. पुढे सूतगिरणीत तो दुसऱ्यात मिसळला तरी चालतो, जेवढ्या वजनाचा घेतला तेवढ्या वजनाचा दावा पुढे सरकत जातो. आता माल प्रत्यक्ष कुठून कुठे गेला हे दाखवायची सोयही निघाली आहे, पण आमच्या कपाटात अजून जुनीच पद्धत. आणि या सगळ्यात शेतकऱ्याला जास्तीचा भाव देण्याचं बंधन कोणावर नाही. एखाद्यानं दिला तर दिला. त्याला जे मिळतं ते औषधाच्या कमी खर्चातून. तेही खरं आहे, पण ओलाव्याच्या सव्वातीनशे रुपयांपुढे ते कुठल्या कुठे जातं. नोंदवहीत सगळ्याला रकाना आहे, ऑक्टोबरच्या पावसाला नाही.

सेंद्रिय कापसात भाव जास्त मिळतो, म्हणून तिथे दुसरा रोग. २०२० मध्ये 'गॉट्स' या प्रमाणपत्राच्या तपासणीत भारतातल्या २०,००० टन कापसाचे व्यवहाराचे दाखलेच बनावट निघाले होते. शेतात न पिकलेला कापूस कागदावर पिकला. तेव्हापासून आमच्यासारख्या टेबलांवर कागद दुप्पट झाले, जसा काही कागद वाढवल्यानं कागदाची चोरी थांबते!

परदेशी ग्राहक ज्यावरून नाक मुरडतो ती गोष्ट तर फार साधी आहे. प्लास्टिकचा धागा. वेचणाऱ्या बाया कापूस खताच्या पोत्यात भरतात. पोतं उसवतं, पांढरा-पिवळा धागा कापसात जातो, जिनमध्ये त्याचे तुकडे होतात आणि शेवटी रंगवलेल्या कापडावर ठिपका होऊन दिसतो. भारतीय कापूस त्यामुळे स्वस्तात मागितला जातो. याला उपाय आहे सुती ओटी आणि सुती पोतं. ते विकत कोण घेणार? वेचणीचे पैसे किलोवर मिळणारी बाई तर नक्कीच नाही.

१८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचं नाव म्हणून चालायचं. आमच्या गावाला त्याचा अजून अभिमान आहे. आज रुईच्या ३५६ किलोच्या खंडीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघून हलतो. २००३ मध्ये माली, बेनिन, बुर्किना फासो आणि चाड या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार मांडली होती. त्यांचा कापूसही आपल्यासारखाच, पावसावरचा आणि हातानं वेचलेला. इतकी वर्षं झाली, त्यावर चर्चाच चालू आहे.

मला विचाराल तर शाश्वत वगैरे म्हणवणाऱ्यांनी आधी गावात पत्र्याची एक शेड बांधावी, खाली सिमेंटचा ओटा. चार उन्हं मिळाली की १४ चा कापूस १० वर येतो. घरात ठेवायची सोय कोणाकडे आहे? २०२२ च्या मे महिन्यात खंडी लाखाच्या वर गेली होती, म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी भाववाढीच्या आशेनं कापूस घरात दाबून धरला. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, लेकरांच्या अंगाला खाज, आणि कापसाचा भाव आला क्विंटलला सात हजारांवर. त्या शेडमधल्या मालावर बँकेनं उचल दिली, तर व्यापाऱ्याच्या तोंडच्या भावाला निदान तोंड देता येईल. ब्रँडला हा खर्च चहापाण्याचा आहे.

आमच्या घरी पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आहे. मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, माझा वाद चालू आहे तो लवकर येणाऱ्या वाणाचा. दाट लावायचं, एकदम फुटू द्यायचं, दोन वेचण्यांत डिसेंबरला शेत मोकळं करायचं. बोंडअळीला मुक्काम मिळत नाही, आणि ओल असेल तर हरभरा पेरता येतो. मामाजींचं म्हणणं, एकदम फुटलेला सगळा कापूस ऑक्टोबरच्या पावसात सापडला तर? लांबणारं पीक थोडं आज भिजतं, थोडं उद्या वाचतं. आणि फरदडीचे (मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेल्या झाडांच्या कापसाचे) चार पैसे उन्हाळ्यात हाताशी येतात, मग त्यात अळी पोसली गेली तरी चालेल. त्यांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, पण ते ऐकत नाहीत. शेवटी ठरलं की पुढच्या खरिपात दोन एकर माझ्या पद्धतीनं, तीन एकर त्यांच्या. बियाण्याची थैली कोणती आणायची यावर मात्र अजून एकमत व्हायचं आहे.