सात वाजता, क्लिपच्या खाली

केस नेहमीची होती, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं. कॅमेरा आमच्या नव्या रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ सर्जनच्या, हातात होता. ती शाळेत असल्यापासून व्हिडिओ गेम खेळते, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. सरावाच्या बॉक्सवर रबरी तुकडे एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यायचे असतात. त्यात तिचा हात बॅचमध्ये सर्वांत वेगवान.

त्या वेगाचं मला नवल नव्हतं. या शस्त्रक्रियेत नजर पडद्यावर असते. पोटाची भिंत टेकूचं काम करते, त्यामुळे हात डावीकडे नेला की इन्स्ट्रुमेंटचं टोक आत उजवीकडे जातं. चित्र सपाट असतं आणि खोलीचा अंदाज बांधावा लागतो. गेम खेळणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. 2007 साली अमेरिकेत 33 सर्जनांवर झालेला अभ्यास आमच्याकडे हमखास सांगितला जातो. पूर्वी आठवड्याला 3 तासांहून अधिक गेम खेळलेल्यांनी सरावात, कधीच न खेळलेल्यांपेक्षा 37 टक्के कमी चुका केल्या आणि ते 27 टक्के वेगवान निघाले. आता गेममुळे हात तयार झाला, की तयार हाताची माणसंच गेमकडे वळली, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

आणि नुसता वेग पुरत नाही. तीच मुलगी ग्रास्परने, म्हणजे पकडायच्या लांब चिमट्याने, टिश्यू पकडली की जरा जास्तच ओढायची. कंट्रोलरची कांडी कितीही रेटली तरी पलीकडे काही फाटत नाही. टिश्यू ताणली जाते, इशारा देते आणि मग फाटते. तो इशारा बोटांना कळायला वेळ लागतो, तिलाही लागत होता.

त्या दिवशी सिस्टिक आर्टरीवर, म्हणजे पित्ताशयाच्या रक्तवाहिनीवर, ती बंद करणारी क्लिप लावून झाली होती. मागे तिची आणखी एक फांदी होती. ती सुटली आणि पडदा लाल झाला. अशा वेळी घाईघाईत आंधळेपणाने क्लिप मारणं हा सर्वांत मोठा धोका, कारण पित्तनलिका शेजारीच असते. नवखे कॅमेरावाले या क्षणी एकतर गोठतात किंवा रक्तात आणखी आत शिरतात. मग लेन्सही माखते.

ती शांत आवाजात म्हणाली, "सर, सात वाजता, क्लिपच्या खाली. एकच जागा आहे. मी थोडी मागे येतेय."

घड्याळाच्या काट्यांनी जागा, किती ठिकाणी, आणि ती स्वतः काय करतेय, एवढंच. मी गॉज दाबून धरला. सक्शन चालू असताना ती सांगत राहिली, "कमी होतंय... डावीकडे साफ... आता दिसतंय." फांदी स्पष्ट दिसल्यावरच क्लिप लावली. पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं नाही.

नंतर चहा घेताना मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? बॉक्सवर आम्ही कोणीच हे शिकवत नाही.

"गेममध्येच, सर. पाच जणांची टीम असते, कानाला हेडफोन. 'तो बघ तिकडे' म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. कुठे, किती, आणि मी काय करतेय, एवढं सांगायचं. ओरडलं तर बाकीच्यांचे आवाज बुडतात."

इतकी वर्षं गेम आणि सर्जरी म्हटलं की आम्ही बोटांबद्दल बोलत आलो. ही बोलण्याची सवय कुणाच्या मोजमापात बसलीच नव्हती. माझ्या मते त्या दिवशी रुग्णाला खरा उपयोग या सवयीचाच झाला. सगळ्याच गेममधून ती लागेल असंही नाही. रात्रभर एकट्याने गोट्या जुळवत बसणाऱ्याला ती कुठून लागणार?

आता आमच्याकडे बॉक्सवरचा सराव जोडीने होतो. कॅमेरा एकाकडे, इन्स्ट्रुमेंट दुसऱ्याकडे. 'इकडे-तिकडे' असं तोंडून निघालं की पुन्हा पहिल्यापासून. ती स्वतः टिश्यूवरची पकड हलकी करायला शिकते आहे आणि दर आठवड्याला फरक दिसतो. तिच्या बॅचमधला एक अबोल मुलगा बॉक्सवर आता व्यवस्थित बोलतो. खऱ्या रक्तस्रावात तो बोलेल का, हे ऑपरेशन थिएटरमध्येच कळेल. म्हणून पुढच्या यादीत कॅमेरा मी त्याला दिला आहे.