अमेरिकेतलं पहिलं क्रेडिट कार्ड: ओटीपी विचारला जात नाही तेव्हा

ऑगस्टमध्ये अमेरिकेतली विद्यापीठं सुरू होतात. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून निघालेल्या मुलांच्या बॅगा कुकरपासून मेतकुटापर्यंत विचार करून भरलेल्या असतात, पण पैशांची तयारी बहुतेकदा फॉरेक्स कार्डापाशी येऊन थांबते. पहिले काही आठवडे त्यावर निघतात. पुढे घर भाड्याने घेताना, फोनचा प्लॅन घेताना, गाडीसाठी कर्ज काढताना विचारतात तो इथला क्रेडिट स्कोअर. भारतात सिबिल कितीही उत्तम असला, तरी एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्यूरोंच्या इथल्या नोंदींत आपली पाटी साधारणपणे कोरीच असते. ती भरायला क्रेडिट कार्डाइतका सोपा आणि स्वस्त मार्ग दुसरा नाही. स्वस्त म्हणजे अगदी शून्य डॉलर, पण त्यासाठी कार्डाचं वेळापत्रक नीट समजून घ्यावं लागतं.

आधी कार्ड मिळवण्याबद्दल. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) असेल तर काम सोपं होतं. कॅम्पसवर नोकरी लागली की विद्यार्थ्यांना तो काढता येतो. नंबर नसतानाही पासपोर्टवर किंवा आयटीआयएनवर (कर भरण्यासाठी मिळणाऱ्या नंबरवर) अर्ज घेणाऱ्या बँका आहेत, म्हणून जिथे खातं उघडलंत तिथे आधी विचारा. वय २१ पेक्षा कमी असेल, तर २००९ च्या कार्ड कायद्यानुसार स्वतःच्या उत्पन्नाचा पुरावा किंवा सहकर्जदार लागतो. साधं कार्ड नाकारलं गेलं तर ‘सिक्युअर्ड’ कार्ड घ्यावं. त्यात आपण आधी अनामत भरतो, बहुधा २०० डॉलरपासून पुढे, आणि तेवढीच लिमिट मिळते. महिन्याचं बिल या अनामतीतून वळतं होत नाही, ते वेगळं भरावं लागतं. व्यवहार नीट राहिला की काही महिन्यांनी अनामत परत मिळते. एकामागून एक अर्ज मात्र करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते.

आता तारखा. समजा, स्टेटमेंट १२ सप्टेंबरला निघालं, ६४० डॉलरचं. त्यावर ड्यू डेट ७ ऑक्टोबर आणि किमान रक्कम ३५ डॉलर छापलेली आहे. स्टेटमेंट आणि ड्यू डेट यांत किमान २१ दिवसांचं अंतर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ७ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण ६४० भरले तर व्याज शून्य. ३५ च भरले तर ‘लेट फी’ लागत नाही, पण उरलेल्या ६०५ वर व्याज सुरू होतं. शिवाय पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे ८ ऑक्टोबरला घेतलेल्या दुधाच्या गॅलनवरसुद्धा त्याच दिवसापासून व्याज. नवीन माणसाच्या कार्डावर २४ टक्के वार्षिक दर अगदी सहज असतो, आणि त्याची आकारणी रोजच्या रोज होते. १,००० डॉलर थकले तर दिवसाला ६६ सेंट, महिन्याला जवळपास २० डॉलर. किमान रकमेचा आकडा ठळक छापलेला असतो म्हणून पुष्कळ जण तेवढाच भरतात आणि महिनोन्महिने त्यात अडकून पडतात. स्टेटमेंटवरच एक चौकट असते: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर किती वर्षं लागतील आणि एकूण किती पैसे जातील. ती जरूर वाचा.

म्हणून कार्ड आल्याबरोबर ऑटोपे लावा आणि पर्यायांतून ‘स्टेटमेंट बॅलन्स’ निवडा, ‘मिनिमम’ नाही. ऑटोपे काही वेळा पहिल्या बिलाला लागू होत नाही, तेव्हा पहिलं बिल स्वतः भरून खात्री करून घ्या. ज्या खात्यातून पैसे जाणार त्यात शिल्लक नसेल तर पेमेंट परत येतं आणि वर दंड बसतो. ड्यू डेट एखाद-दोन दिवस हुकली तर दंड आणि व्याज लागतं. ३० दिवसांपलीकडे गेली, तर मात्र ब्यूरोकडे नोंद जाते आणि ती सात वर्षं राहते.

सगळ्यात जास्त प्रचलित असलेल्या फायको स्कोअरमध्ये (३०० ते ८५०) वेळेवर परतफेडीला ३५ टक्के वजन आहे आणि थकलेल्या रकमेला ३० टक्के. स्कोअर तयार व्हायला निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. थकलेली रक्कम म्हणजे काय, इथे बहुतेकांची गफलत होते. ब्यूरोला बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवली जाते. ५०० ची लिमिट असलेल्या कार्डावर ४५० चं सामान घेतलं आणि ड्यू डेटला सगळे पैसे भरले, तरी नोंद ९० टक्के वापराचीच होते. स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ४०० भरून टाका, म्हणजे नोंद ५० डॉलरची जाईल. व्याज दोन्ही प्रकारांत लागत नाही, फरक फक्त स्कोअरमध्ये पडतो. स्कोअर वाढवायला थोडी बाकी मुद्दाम ठेवावी, हा सल्ला इथे कुणी ना कुणी देतोच. तो साफ चुकीचा आहे.

एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. त्यावर शुल्क आहे आणि बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नाही. रूममेट्सचा हिशोब व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या ॲपवर) क्रेडिट कार्ड जोडून फेडला तर ३ टक्के जातात, तो बँक खात्यातूनच फेडा.

भारतातून आलेल्या माणसाला खरा धक्का बसतो तो सुरक्षिततेच्या बाबतीत. दुकानात पिन नाही. चिप लावली किंवा टॅप केलं की झालं. सहीची सक्तीही कार्ड कंपन्यांनी २०१८ मध्ये काढून टाकली. ऑनलाइन खरेदीत कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि झिप कोड एवढ्यावर व्यवहार होतो, ओटीपी क्वचितच. म्हणून ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट लावा, रक्कम एक डॉलर असली तरी. चोरीचा नंबर चालतो का हे बघायला चोर आधी एक-दोन डॉलरचा व्यवहार करतात. तो नजरेतून सुटला की पुढचा मोठा असतो.

रेस्टॉरंटमध्ये वेटर कार्ड घेऊन आत जातो. इथे ती पद्धतच आहे, घाबरू नका. समजा बिल ४२.६० डॉलर आहे. आधी तेवढ्याचीच मंजुरी घेतली जाते. मग आलेल्या पावतीवर तुम्ही टिपच्या ओळीत ८.०० आणि खाली एकूण ५०.६० लिहून सही करता. अंतिम रक्कम एक-दोन दिवसांनी चढते. टिपची किंवा एकूणची ओळ कोरी सोडू नका, आपल्या प्रतीचा फोटो काढा आणि रक्कम चढल्यावर ताडून पाहा. पेट्रोल पंपावर मशीन आधी मोठी रक्कम रोखून ठेवतं, ती नंतर सुटते. डेबिट कार्ड वापरलं तर तेवढे आपलेच पैसे अडकतात. कार्ड घालायची खाच हलत असेल किंवा बाजूच्या पंपापेक्षा जाड दिसत असेल, तर तिथे कार्ड घालू नका. शक्य तिथे टॅप करा.

कायदा क्रेडिट कार्डवाल्याच्या बाजूने भक्कम आहे. कार्ड चोरीला जाऊन वापरलं गेलं तर तुमची जबाबदारी फार तर ५० डॉलर. कार्ड हातात असून फक्त नंबर चोरीला गेला असेल, तर काहीच नाही. बिलातल्या चुकीविरुद्ध, ती चूक असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करायची. फोन केला तरी पत्रही पाठवा. तपास चालू असेपर्यंत वादातली रक्कम रोखता येते, बाकीचं बिल मात्र वेळेवर भरायचं. डेबिट कार्डाचं तसं नाही. ते हरवल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, उशीर झाला तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंटनंतर ६० दिवस उलटले तर पुढे गेलेले पैसे बुडूही शकतात. म्हणूनच ऑनलाइन आणि पंपावर क्रेडिट कार्डच वापरावं असं आम्ही आग्रहाने सांगतो.

पण कोड तुम्ही स्वतःच फोनवर सांगितलात, तर यातलं काहीही तुम्हाला वाचवू शकत नाही. ‘बँकेतून बोलतोय, आलेला सहा आकडी कोड वाचा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. आयआरएस (इथलं आयकर खातं) किंवा इमिग्रेशनच्या नावाने व्हिसा रद्द करण्याची धमकी देऊन गिफ्ट कार्ड मागणारे नव्या विद्यार्थ्यांना हेरतात. कुठलंही सरकारी कार्यालय गिफ्ट कार्डावर पैसे घेत नाही. पहिलं-दुसरं कार्ड हाती आलं की तिन्ही ब्यूरोंकडे क्रेडिट फ्रीझ करून ठेवा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला नवीन कार्ड किंवा कर्ज काढू न देणारं कुलूप. सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट आहे आणि नवीन अर्जाच्या वेळी काही मिनिटांत उघडता येतं.

भेटीला येणाऱ्या आई-बाबांनी भारतीय कार्ड आणायचं असेल, तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करून मर्यादा बेताची ठेवावी. प्रत्येक खर्चावर बहुधा २ ते ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँकेचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. मशीनने ‘रुपये की डॉलर’ विचारलं तर डॉलर निवडा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूने लावलेला असतो. भारतीय कार्डालाही इथे बऱ्याच वेबसाइट ओटीपी विचारत नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि कायमचं परतायचं ठरलं, तर क्रम सांभाळा. आधी नेटफ्लिक्स, फोन, इन्शुरन्स यांची वसुली कार्डावरून काढा आणि कॅशबॅक वळता करून घ्या. मग बाकी शून्य करा आणि आणखी एक स्टेटमेंट येऊ द्या. आधी व्याज चालू असेल तर मधल्या दिवसांचे चार-दोन डॉलर त्यात निघतात. ते फेडल्यावर कार्ड बंद करा आणि बँक खातं सगळ्यात शेवटी. खातं आधी बंद केलं, तर उरलेले चार-दोन डॉलर भरायला अमेरिकेतलं खातंच हाताशी राहत नाही, आणि त्यावरचा दंड जुन्या पत्त्यावर जाणाऱ्या कागदांत साठत राहतो.