चुऱ्याच्या वासामागे आलेले भुंगेरे

मे महिन्याच्या अखेरीस उत्तर अ‍ॅरिझोनातील पाँडेरोसा पाइनच्या ज्या पट्ट्याची पाहणी माझ्याकडे आली, तिथे वसंताच्या सुरुवातीलाच विरळणी झाली होती. वणवा जमिनीवरून शेंड्यांपर्यंत चढू नये म्हणून दाटीतली बारीक झाडे काढून, फांद्या-शेंडे यंत्रात घालून त्यांचा चुरा जागेवरच पसरला होता. गाडीतून उतरताच राळेचा उग्र वास आला. ताज्या चुऱ्यातून राळेतली अल्फा-पायनीनसारखी वासाची द्रव्ये हवेत मिसळतात आणि साल पोखरणारे भुंगेरे त्यांच्याच मागावर येतात.

उभ्या झाडांच्या बुंध्यांवर, जमिनीलगत, राळेचे तांबूस गोळे दिसले. ही लाल टर्पेंटाइन भुंगेऱ्याची खूण होती. आपल्या मूळ प्रदेशात तो एकट्याने क्वचितच झाड मारतो (चीनमध्ये पोहोचल्यावर मात्र त्याने तिथल्या पाइनचा फडशा पाडला), म्हणून त्या गोळ्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. खरी काळजी होती ती कडेला तशाच पडलेल्या जाड ओंडक्यांची. एकाची साल कुऱ्हाडीने सोलली, तेव्हा आत इप्स या साल पोखरणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्याचे इंग्रजी वाय अक्षरासारखे बोगदे दिसले. नर आधी छोटी कोठडी कोरतो, मग तिथे आलेल्या माद्या निरनिराळ्या दिशांना बोगदे काढत अंडी घालतात. भुसा बाहेर लोटला जात असल्यामुळे हे बोगदे मोकळे राहतात. एका उन्हाळ्यात त्यांच्या एकाहून अधिक पिढ्या होतात आणि ओले ओंडके संपले की नवी पिढी उभ्या झाडांवर जाऊ शकते. 2002-03 च्या दुष्काळात इप्स भुंगेऱ्यांनी याच राज्यात लाखो पाइन मारले होते.

‘‘म्हणजे विरळणी करायलाच नको होती का?’’ सहकाऱ्याने विचारले. मला तसे वाटत नाही. विरळ रानात उरलेल्या झाडाच्या वाट्याला पाणी व ऊन अधिक येते, त्यामुळे घुसू पाहणाऱ्या भुंगेऱ्याला ते राळेच्या जोरावर बाहेर लोटू शकते. शिवाय मोकळ्या वाऱ्यात भुंगेऱ्यांचे गंधसंकेत विरून जातात. मात्र झाडे सशक्त व्हायला वेळ लागतो, तर ओल्या काटछाटीचा धोका त्याच हंगामात उभा राहतो.

शेजारच्या पट्ट्याची विरळणी भुंगेऱ्यांचा जोर ओसरल्यावर, म्हणजे ऑगस्टनंतर करावी, चुरा बुंध्यांपासून दूर व पातळ पसरावा, आणि पडलेले ओंडके पहिली पिढी बाहेर पडण्याआधी हलवावेत, असे मी अहवालात लिहिले. वणव्यांचा हंगाम तोंडावर असताना काम पुढे ढकलणे ठेकेदाराला रुचणार नव्हते, त्यामुळे ओंडके हलवण्याची सूचना मी सर्वांत वर ठेवली.