काहीच न करणारे बटण

आमच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची ती तिसरी प्लेटेस्ट, म्हणजे बाहेरच्या माणसांना तयार होत असलेला खेळ खेळायला देऊन पाहण्याची चाचणी होती आणि खरे सांगायचे तर मी त्या दिवशी कौतुक ऐकायलाच गेलो होतो. पहिला भाग बऱ्यापैकी चालला होता, दुसऱ्या भागासाठी पैसा आणि माणसे दोन्ही जास्त मिळाली होती, आणि पहिल्या भागाबद्दल खेळाडूंनी केलेल्या तक्रारींची जी लांबलचक यादी आम्ही दीड वर्षापूर्वी तयार केली होती, तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ आता खोडली गेली होती. यादीतली पहिली ओळ माझ्या हातची होती : 'कंदिलाचे तेल काढून टाकणे.'

तेलाचे प्रकरण आधी सांगायला हवे. खेळ एका बंद पडलेल्या खाणीत घडतो आणि खेळाडूच्या हातात एका कंदिलाखेरीज फारसे काही नसते. पहिल्या भागात त्या कंदिलातले तेल जळत जळत संपायचे. किती उरले आहे हे दाखवणारी पट्टी आम्ही पडद्यावर दिलीच नव्हती. कंट्रोलरवरचे खालचे बटण दाबले की पात्र कंदील कानाजवळ नेऊन हलवायचे आणि आतल्या तेलाच्या आवाजावरून खेळाडूने अंदाज बांधायचा. भरलेला कंदील दबका, जड आवाज करायचा. तळाला गेलेले तेल नुसते खळखळायचे. या तेलाला लोकांनी मनापासून शिव्या घातल्या. तेल संपले की अंधार, अंधारात चार पावले टाकली की मरण, आणि मेल्यावर मागच्या सेव्हपासून, म्हणजे खेळ शेवटचा साठवला होता तिथून, पुन्हा सुरुवात, म्हणजे कधीकधी वीस मिनिटांची मेहनत पाण्यात. दुसऱ्या भागातला कंदील म्हणूनच कधी विझत नव्हता. खालच्या बटणाला काही काम उरले नव्हते. पुढे कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून ते मोकळे ठेवले होते.

त्या दिवशी अकरा जण खेळायला आले होते, त्यांतल्या सहा जणांनी पहिला भाग पुरा केलेला होता. आम्ही शेजारच्या खोलीत बसून प्रत्येकाची तीन चित्रे पाहत होतो : पडदा, चेहरा आणि हात. खेळाडू कितीही अडकला तरी त्याला मदत करायची नाही, हा या कामातला पहिला नियम आहे आणि तो पाळताना डिझायनरची जी घालमेल होते ती बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. त्या दिवशी मात्र घालमेल होण्याचे कारणच नव्हते. कोणी अडकत नव्हते, कोणी मरत नव्हते. सगळे सुरळीत पुढे सरकत होते. हातांच्या चित्राकडे एरवी कोणी पाहत नाही. मी कंटाळून पाहू लागलो, हे कबूल केलेले बरे.

चार नंबरच्या खुर्चीवर एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. बोगद्याला फाटा फुटला की त्या थांबत, आणि त्यांचा उजवा अंगठा खालच्या बटणावर जाऊन ते दोनदा दाबत असे. अर्थात काहीच होत नसे. क्षणभर थांबून त्या एक वाट धरत आणि चालू लागत. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. प्रथम मला वाटले, त्या उडी मारायचे बटण शोधत असाव्यात. पण मधल्या खड्ड्यांवरून त्यांनी योग्य बटणाने सफाईने उड्या मारल्या होत्या. चौथ्या-पाचव्या फाट्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पोटात गोळा आला.

दोन तासांनी त्यांनी भरून दिलेला फॉर्म मी सगळ्यांत आधी उचलला. कंदिलाला त्यांनी सातपैकी सात गुण दिले होते आणि खाली लिहिले होते, 'कंदील आता विझत नाही, ही फार चांगली सुधारणा आहे.' शेवटी थोडे प्रश्न विचारायची मुभा असते, म्हणून मी आत गेलो आणि त्यांना विचारले, "खालचं बटण दाबल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटत होतं?"

"कुठलं बटण?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना त्यांच्याच हातांचे चित्रण दाखवले. आधी त्या हसल्या, मग पुढे झुकून त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर जरा ओशाळून म्हणाल्या, "अहो, मी तेल ऐकत होते."

दुपारी आम्ही सगळ्यांचे लॉग काढले. कोणते बटण केव्हा दाबले याची नोंद खेळ आपोआप ठेवतो, फक्त ज्या बटणाला काम नाही त्याची नोंद कोणी उघडून पाहत नाही. पहिला भाग खेळलेल्या सहांपैकी पाच जणांनी ते बटण दाबले होते. आमच्या प्रोग्रॅमरचे म्हणणे पडले की ही निव्वळ बोटांची सवय आहे, तासाभरात जाते. आणि त्याचे खरेच होते, कारण दुसऱ्या तासात हे दाबणे जवळजवळ थांबले होते. पण निव्वळ सवय असती तर ती धावताना, शिडी चढताना, कुठेही दिसली असती. इथे ती फक्त फाट्यांवर दिसत होती. आणि दाबणे थांबले तसे आणखी एक गोष्ट थांबली होती : लोक फाट्यावर थांबेनासे झाले होते. समोर येईल त्या वाटेने ते चालत सुटले होते. डावीकडच्या गॅलऱ्यांच्या, म्हणजे खाणीतल्या आडव्या बोगद्यांच्या, भिंतींवर आमच्या चित्रकाराने चार महिने खपून खाणकामगारांनी कोळशाने काढलेली चित्रे रंगवली होती. दुसऱ्या तासात अकरापैकी दोघांनीच ती पाहिली. ही संख्या ऐकून तो काही बोलला नाही, आपला चहाचा कप उचलून बाहेर गेला.

ज्यांनी पहिला भाग खेळलाच नव्हता त्या पाच जणांचे फॉर्म तर त्याहून बोलके होते, कारण त्यांत बोलण्यासारखे काहीच नव्हते. 'सुंदर', 'छान', 'ग्राफिक्स उत्तम'. वेळ संपल्याचे सांगताच पाचही जण कंट्रोलर खाली ठेवून उठले. पहिल्या भागाच्या वेळी लोकांना खुर्चीवरून उठवावे लागत असे.

संध्याकाळची बैठक लांबली. आमच्या मुख्य डिझायनरने २००३ साली आलेल्या 'डेउस एक्स : इन्व्हिजिबल वॉर'चा विषय काढला. २०००च्या मूळ खेळात वेगवेगळ्या शस्त्रांना वेगवेगळ्या गोळ्या लागत आणि खेळाडूला आपले कौशल्य कशात वाढवायचे हे निवडावे लागे. दुसऱ्या भागात सगळ्या शस्त्रांना एकच सामाईक दारूगोळा दिला आणि कौशल्यांची ती पद्धत काढून टाकली. कटकट कमी झाली हे खरे, पण कोणते शस्त्र केव्हा वापरायचे याचा विचार करण्याचे कारणही कमी झाले, आणि पहिल्या भागाचे चाहते त्या खेळावर आजतागायत नाराज आहेत. मला 'डायब्लो ३' आठवला. त्या खेळात चांगली शस्त्रे राक्षस मारून मिळवायची असतात; खेळाडूंमधल्या देवाणघेवाणीत फसवणूक होते, या जुन्या तक्रारीवर उपाय म्हणून २०१२ साली त्यात लिलावघर आले. शस्त्रे विकत मिळू लागली आणि राक्षस मारण्याचे प्रयोजनच गेले. मार्च २०१४ मध्ये ते लिलावघर खुद्द बनवणाऱ्यांनीच बंद केले.

प्रोड्यूसर मात्र ऐकून घेणारी नव्हती. तिने विचारले, "मग तक्रारी ऐकायच्याच नाहीत का? 'स्ट्रीट फायटर २' कशामुळे चालला?" प्रश्न बिनतोड होता. १९८७च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये हातातून अग्निगोळा फेकण्यासारखे खास डाव होते, पण ते बाहेर काढणे इतके अवघड की बहुतेकांना नशिबानेच जमत. १९९१च्या दुसऱ्या भागात तेच डाव हाताला येतील असे केले, निवडायला आठ लढवय्ये दिले, आणि त्या खेळाने लढतीच्या सगळ्या खेळांचा साचाच घालून दिला. 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड'चेही तसेच : २००७च्या खेळात तीच ती कामे पुन्हापुन्हा करावी लागतात ही तक्रार रास्त होती, २००९च्या दुसऱ्या भागाने ती ऐकली आणि मालिका खऱ्या अर्थाने उभी राहिली.

हा प्रश्न मला त्या रात्री पुरला आणि अजूनही पुरतो. 'सिव्हिलायझेशन'कर्ता सिड मायर यांच्या नावाने आमच्या धंद्यात एक नियम सांगतात, की पुढच्या भागात एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे आणि एक तृतीयांश नवे आणावे. नियम उत्तम आहे, फक्त कोणता तृतीयांश कोणत्या खात्यात टाकायचा ते तो सांगत नाही. माझी समजूत आता अशी झाली आहे की शिवी कोणत्या क्षणी दिली गेली हे पाहावे. पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये माणसाने डाव टाकायचे ठरवलेले असे आणि यंत्र ऐकत नसे. तिथे तक्रार ठरवून झाल्यानंतरची होती. आमच्या कंदिलाबाबत माणूस फाट्यावर उभा राहून ठरवत असे, डावीकडे जाऊन परत येण्याइतके तेल आहे का, आणि हे ठरवणे जिवावर येते म्हणूनच तो चिडत असे. ती चीड काढताना आम्ही ठरवणेही काढून टाकले होते. खाणीतले अंतर फुकटचे झाले होते, आणि फुकटच्या वाटा सगळ्या सारख्याच.

खेळाडूंच्या तोंडून त्यांना नेमके काय आवडते ते निघत नाही, याचा दोष त्यांना देता येत नाही. 'पोर्टल २'वर काम सुरू झाले तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी एका वेगळ्याच युक्तीवर आधारलेला, पोर्टल (एका जागेतून थेट दुसरीकडे नेणारी दारे) नसलेला खेळ बराच काळ घडवून पाहिला होता. आलेल्या खेळाडूंना ती युक्ती आवडली, पण पोर्टल कुठे गेली असे ते विचारू लागले, आणि निर्माते मागे फिरले. २०११ साली बाहेर आला तो पोर्टल असलेला खेळ. त्यांच्या खेळाडूंना गेलेल्या गोष्टीचे नाव तरी ठाऊक होते, कारण ते खेळाच्या शीर्षकातच होते. आमच्या बाईंना ते ठाऊक नव्हते, त्यांच्या अंगठ्याला होते.

बैठकीत निर्णय झाला नाही. जाहिरातीच्या मजकुरात 'कधीही न विझणारा कंदील' असे शब्द मंजूर होऊन गेले होते आणि प्रकाशनाला सात महिने उरले होते. नऊच्या सुमारास सगळे गेले, प्रोग्रॅमर आणि मी थांबलो. दुसरा भाग पहिल्याच्याच पायावर उभा होता, त्यामुळे तेलाचा जुना कोड कुणी काढलेला नव्हता. कंदिलाची क्षमता ज्या ओळीत लिहिली होती तिथे एक अवाढव्य आकडा टाकून आम्ही तेल 'अक्षय' केले होते. तो आकडा मीच टाकला होता. प्रोग्रॅमरने तो पुसून जुना घातला, खालच्या बटणाला त्याचे काम परत दिले आणि हेडफोन माझ्याकडे सरकवला. दीड वर्षानंतर ऐकलेला तो आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच बारीक होता.

पण नुसते जुने परत आणून भागणार नव्हते. वीस मिनिटे पाण्यात जाण्याची तक्रार खरोखरीच ठरवून झाल्यानंतरची होती, आणि तेलावरच्या शिव्यांमधला मोठा वाटा बहुधा तिचाच होता. आम्ही दोन तक्रारी एकाच ओळीत लिहून ठेवल्या होत्या. म्हणून तेल संपल्यावर मरणाऐवजी वात तांबूस धुगधुगत राहील, पावलापुरते दिसेल आणि भिंत चाचपत मागे फिरता येईल, असे आम्ही रात्रीतून जमवले. ओबडधोबडच जमले. वात धुगधुगताना पात्राची सावली उलट्या बाजूला पडत होती आणि ती दुरुस्त करायला वेळ नव्हता.

सकाळी तीन जण यायचे होते. प्रोड्यूसरला मी दारातच गाठले आणि काय केले आहे ते सांगितले; तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "तिघांनाच. आणि सावलीबद्दल कुणी विचारलं तर तुझं तू बघ."

पहिला आला तो विशीतला मुलगा होता, पहिला भाग न खेळलेला. तासाभरात त्याचे तेल तीनदा संपले. दुसऱ्या वेळी त्याने कंट्रोलर मांडीवर आपटला आणि शेजारच्या खोलीत प्रोड्यूसरने भुवया उंचावल्या. तिसऱ्या वेळी तो अंधारात भिंत धरून मागे आला, तेल भरून घेतले, त्याच फाट्यावर पुन्हा उभा राहिला, आणि खालचे बटण दाबून डोके एका बाजूला कलते करून ऐकू लागला. असा तो किती वेळ उभा होता ते मी मोजले नाही. वेळ संपल्यावर भरलेल्या फॉर्मवर त्याने कंदिलाला सातपैकी तीन गुण दिले आणि लिहिले, 'तेल फार लवकर संपते, हे काढून टाका.'

फॉर्म माझ्या हातात आला तेव्हा तो अजून खुर्चीवरून उठला नव्हता. डावीकडची गॅलरी पुढे कुठे निघते का, असे तो प्रोड्यूसरला विचारत होता, आणि तिला नियमाप्रमाणे ते सांगता येत नव्हते.