उद्यमबागचा दांडा आणि पर्थमधली 'जिप्सी'

पर्थला आल्यावर मी जी पहिली गाडी घेतली, ती जुनी सुझुकी सिएरा. तुम्ही पाहिलीत तर लगेच म्हणाल, ही तर आपली जिप्सी! मारुतीने १९८५ साली भारतात आणलेली जिप्सी याच घराण्यातली, जरा लांब एवढंच. बेळगावकडच्या खानापुरात काकांच्या दारात अजून एक उभी आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा चढ, आषाढातला चिखल, सगळं काढलंय तिनं.

माझ्या गाडीचा क्लच घसरायला लागला. चढावर चौथ्या गिअरला पाय दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र तेवढीच. शनिवारी सकाळी साडेआठला काकांना फोन लावला, म्हणजे तिकडे सहा वाजलेले.

"क्लच गेला म्हणून कोण सांगितलं तुला? आधी केबल बघ. पेडलला ढिल हाय काय?"

केबल फार ताणलेली असली, तरी क्लच पुरता बसत नाही आणि घसरतो. पेडलला ढिल होती, म्हणजे केबल ताणलेली नव्हती. मग खोलायचंच ठरलं. इथे गॅरेजची मजुरी भारी पडते, त्यामुळे पुष्कळ लोक अशी कामं घरीच करतात.

बॅटरीची वायर काढली, चारही बाजूंना घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे काकांनी मला लहानपणीच बजावलंय. या गाडीची एक गोष्ट मला फार आवडते. फोर-व्हीलचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा, मध्ये छोटा शाफ्ट. तो परत तसाच बसावा म्हणून काढायच्या आधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) पंचाने खूण केली. मग स्टार्टर, क्लच केबल, गिअर लिव्हर. शेजारी मदतीला आला आणि गिअरबॉक्स अलगद मागे सरकला.

क्लचची प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. कॉम्प्रेसरची हवा मारू दिली नाही मी. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं आणि त्याची भुकटी फुप्फुसाला घातक. ऑस्ट्रेलियात त्यावर २००३ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे, पण जुन्या गाडीतली प्लेट कधीची, कोण जाणे. मास्क लावला आणि सगळी भुकटी ओल्या फडक्याने टिपली. आपल्याकडे पोरं तोंडासमोर ती फुंकतात. कृपा करून फुंकू नका, थांबवा त्यांना.

खरं नाजूक काम पुढचं. नवी प्लेट बरोब्बर मधोमध बसली नाही, तर गिअरबॉक्स परत जातच नाही. त्यासाठी काकांनी मागच्या सुट्टीत मला एक लोखंडी दांडा दिला होता, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर करून घेतलेला, त्यांच्या जिप्सीचा. वीतभर लांब, टोक बारीक, मग एक पायरी. टोक इंजिनाच्या क्रँकच्या मधोमध असलेल्या पायलट बेअरिंगमध्ये गेलं, प्लेट पायरीवर येऊन थांबली. तसूभरही हालेना! प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. दांडा दोन बोटांनी ओढला तर लोण्यातून निघावा तसा बाहेर आला. फोनवर काका एवढंच म्हणाले, "बसली."

पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही नवीन घातलं. संध्याकाळी चढावर नेली. चौथा गिअर, पाय दाबला, गाडी पुढे.

आता काकांच्या जिप्सीला चोर्ल्याला जळका वास यायला लागलाय. गणपतीला येतोय मी. दांडा आणि मास्कचा एक डबा बॅगेत भरून ठेवलाय.