तुम्ही विचारलंत म्हणून: सेमिनरी, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण, मध्येच का सोडली?

नाही, पोरगी नव्हती. वरच्यांशी भांडणही नव्हतं. श्रद्धा उडाली म्हणाल तर तसंही नाही, रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, अजून चुकत नाही. वसईतल्या प्रत्येक लग्नात जेवणाच्या रांगेत कोणीतरी कोपराने ढोसून हळूच विचारतं, म्हणून एकदाच सांगून टाकतो, पुढच्या वेळी निदान सुखाने जेवू द्या.

थॉमस अक्वायनसमुळे सोडली. हसा.

फिलॉसॉफीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तेराव्या शतकातल्या या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने मला पार वेडं केलं होतं. आत्मा म्हटलं की आपल्याला पिंजऱ्यातलं पाखरू आठवतं, याच्याकडे तसं नाहीच. जिवंत वस्तूला जिवंत ठेवतो तो आत्मा, म्हणजे वाडीतल्या केळीलाही आहे, वाढण्यापुरता. बैलाला त्यावर बघणं, ऐकणं, आठवणं. माणसाला आणखी बुद्धी आणि इच्छा. आता यातली बुद्धी आणि इच्छा एकट्या आत्म्याची, पण बघणं, ऐकणं, चेहरा आठवणं या शक्ती आत्मा आणि शरीर दोघांच्या मिळून, त्यामुळे शरीर गेलं की त्याही गेल्या, आत्म्यात राहतं ते फक्त त्यांचं मूळ. सुम्मा म्हणजे त्याचा मोठा ग्रंथ, प्रश्नांत आणि प्रश्नाखालच्या आर्टिकलांत विभागलेला; त्याचा पहिला भाग, प्रश्न 77, आर्टिकल आठवं. तोंडपाठ होतं.

त्याच वर्षी पप्पा गेले. दफनानंतर चौथ्या दिवशी आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती, मी बाजूला. पहाटे पाचला वाडीतली पाण्याची मोटर पप्पा चालू करायचे, त्या चार दिवसांत ती आई करत होती. शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "काय रे ब्रदर, पप्पा बघतात ना आपल्याला?" सेमिनरीत शिकणाऱ्याला ब्रदर म्हणतात, म्हणून मी ब्रदर.

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण मी समजावायला बसलो. डोळे नाहीत म्हणजे बघणं नाही, चेहऱ्यांची आठवणसुद्धा शरीरातच असते, आणि वर बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पत्रावर लिहिताना थॉमसच म्हणतो की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, तेही ऐकवलं. माझा आवाज वर्गात उत्तर देतानाचा होता, तो मला आजही ऐकू येतो. आई जरा थांबली. "म्हणजे मोटर मी चालू करते ते त्यांना कळत नाही." मी म्हटलं, "तसं बघितलं तर नाही." तिने सोललेले दाणे आणि सालं एकाच टोपात टाकली, मग परत एक एक करून वेगळी केली.

खोटं बोललो नव्हतो, हे मी पुढे कितीतरी महिने स्वतःला सांगितलं. पण बाबा रे, प्रश्न 77 पाठ केलास, प्रश्न 89 कोणी वाचायचा होता? तिथे चौथ्या आर्टिकलमध्ये तोच थॉमस म्हणतो की शरीर सोडलेला आत्मा एकेका माणसालाही ओळखू शकतो, ज्याची आधी ओळख होती, ज्याच्यावर जीव होता अशांना. परीक्षेला नव्हता म्हणून मी तिथवर गेलोच नाही. आणि माझा आत्मा म्हणजे मी नव्हे हे तो म्हणतो तेच मुळी शरीराचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं शरीरासकट पुन्हा उठणं, का हवं ते सांगायला. पुनरुत्थानाचा शब्द मी आईसमोर काढलाच नाही, चार दिवसांपूर्वी कबरीवर तेच तर म्हटलं होतं सगळ्यांनी.

अर्थात 89 वाचला असता तरी सरळ हो निघत नाही. आठवं आर्टिकल म्हणतं की मेलेल्यांना इथलं काय चाललंय ते स्वभावतः कळत नाही, देवाला पाहणाऱ्या संतांना बहुधा कळतं. आता पप्पा संत होते का? फुलांच्या भावावरून दादरला रोज शिव्या घालायचे.

वर्ष संपल्यावर बॅग भरली. मयताच्या घरी जाऊन बोलायचं हेच पुढे माझं काम असणार होतं आणि मला ते जमेना. पळालो म्हणा. एका वाक्यासाठी कोणी एवढं सोडतं का, असं फादरनी विचारलं होतं, तेव्हा उत्तर नव्हतं, आजही धड नाही.

ते चौथं आर्टिकल मी मराठीत लिहून ठेवलंय, दीड पान. आईला वाचून दाखवलेलं नाही. मोटर अजून तीच चालू करते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावताना ती पप्पांशी पुटपुटत काहीतरी बोलत असते, मी जवळ गेलो की गप्प होते.