वळणातही टिकणारा ऑइल प्रेशर : जुन्या होंडा सिटीला ट्रॅकसाठी तयार करताना आलेला अनुभव

माझी होंडा सिटी व्हीटेक 2002 सालची आहे. ज्या ग्रेटर नोएडात ती तयार झाली, तिथल्याच बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मी तिला अधूनमधून ट्रॅक-डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, घेऊन जातो. नोकरीमुळे दिल्लीकडे अडकलेल्या पुणेकराला एवढा योगायोग पुरेसा आहे. 5.125 किलोमीटरच्या या ट्रॅकवर 10 आणि 11 क्रमांकांची वळणे मिळून एक लांबलचक उजवे वळण होते, आणि इंजिनच्या दृष्टीने तीच खरी परीक्षेची जागा आहे. गाडी उजवीकडे वळत असताना चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या भांड्यातले, तेल डावीकडे धावते. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे 1 जी झाला, तर तेलाचा पृष्ठभाग तब्बल 45 अंशांनी तिरका होतो. साध्या टायरवर हा जोर थोडा कमी भरतो, पण शहरातल्या वापरासाठी बनवलेल्या उथळ चेंबरला तेवढाही पुरतो. तेल ज्यातून पंपाकडे जाते त्या जाळीचे, म्हणजे स्ट्रेनरचे, तोंड उघडे पडते, पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटतो. त्यातच वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) बरेच तेल हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, चढलेले असते आणि ते सावकाश खाली उतरते, त्यामुळे नेमक्या त्या वेळी चेंबरमध्ये मुळातच तेल कमी असते.

डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या लाल दिव्यावर विसंबणाऱ्या मंडळींविषयी मला नेहमी आश्चर्य वाटते. तो दिवा साधारणपणे 5 ते 7 पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास दाब उतरल्यावर पेटतो. 6000 आरपीएमवर फिरणाऱ्या इंजिनात दाब तिथवर आला असेल, तर दिवा केवळ नुकसानीची वर्दी देतो. म्हणून चेंबरला हात लावण्याआधी मी दाब मोजणारा सेन्सर बसवला. मूळ प्रेशर स्विचच्या जागी पितळी टी-जोड लावून त्यावर सेन्सर लटकवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण इंजिनच्या थरथरीने तो जोड मुळाशी तुटू शकतो आणि मग सगळे तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर सांडण्याची भीती असते. मी तिथून जाळीदार आवरणाची होज काढून सेन्सर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, पक्का केला. काट्याच्या गेजबरोबर सेकंदाला 20 नोंदी घेणारा लॉगर जोडला, कारण 10 क्रमांकाच्या वळणात शिरताना कोणाची नजर गेजकडे जाणार? शिवाय स्टिअरिंगसमोर एक मोठा दिवा लावला, जो 4000 आरपीएमच्या वर असताना दाब 35 पीएसआयखाली गेला की पेटतो.

पहिल्याच नोंदींनी चित्र स्पष्ट केले. सरळ रस्त्यावर 60 पीएसआयच्या पुढे असणारी दाबाची रेषा त्या उजव्या वळणाच्या उत्तरार्धात दातेरी होत 20 पीएसआयपर्यंत कोसळत होती आणि बाहेर पडताच सावरत होती. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, 4 क्रमांकाच्या वळणाआधीच्या जोरदार ब्रेकिंगमध्येही रेषेत एक खड्डा दिसला, पण तिथे थ्रॉटल बंद असल्याने बेअरिंगवरचा भार कमी असतो, त्यामुळे मी त्याची फारशी चिंता केली नाही. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ठेवल्यावर खड्डा उथळ झाला. हा सर्वांत स्वस्त उपाय खरा, परंतु त्यापुढे तेल वाढवले की क्रँक ते घुसळू लागतो, त्यात फेस येतो आणि फेसाळलेले तेल बेअरिंगला फारसे उपयोगाचे नसते. तेल 5डब्ल्यू-30 वरून गरम असताना अधिक दाट राहणारे 5डब्ल्यू-40 केल्याने गरम इंजिनचा एकूण दाब वाढला, वळणातला खड्डा मात्र जागचा हलला नाही. तेल तोंडाशी पोचतच नसेल, तर त्याच्या दाटपणाने काय होणार?

मग चेंबर खोलणे आले. पुढचा सायलेन्सर पाइप सोडवून चेंबर उतरवले आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या जादा स्ट्रेनरसह ते पुण्याला नेले, कारण भोसरीतल्या ओळखीच्या कारखान्यात पातळ पत्र्याचे काम मनासारखे होते. आराखडा साधा होता : स्ट्रेनरभोवती चार भिंतींची पेटी, वर क्रँकच्या वाऱ्याला अडवणारे सपाट झाकण आणि भिंतींना आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी दारे, म्हणजे तेल आत येऊ शकेल पण वळणात बाहेर पळू शकणार नाही. वेल्डिंगला बसलेल्या मिस्त्रींनी चेंबर उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तापला की हा काठ वाकणार. आधी जाड प्लेटला बोल्टांनी आवळून घेऊ, आणि मग थोडं थोडं वेल्डिंग करत जाऊ." त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, काठ वाकला तर कुठलेही गॅस्केट ती गळती थांबवत नाही. दारांच्या बिजागऱ्यांना त्यांनी मुद्दाम किंचित ढिलाई ठेवली, कारण गरम तेलात घट्ट बिजागरी अडकते आणि अडकलेले बंद दार हे दार नसण्यापेक्षा वाईट.

परत आल्यावर सर्वांत महत्त्वाची तपासणी खेळण्यातल्या मातीने झाली. स्ट्रेनरच्या बरोबर खाली चेंबरच्या तळाला मातीचा गोळा चिकटवून चेंबर गॅस्केटसह पूर्ण आवळले, पुन्हा उतरवले आणि दबलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजली. हे अंतर 6 ते 10 मिलिमीटर असावे. कमी असेल तर पंपाची वाट आवळली जाते, जास्त असेल तर हवा लवकर शिरते. माझे 8 मिलिमीटर भरले. त्यानंतर चेंबर रॉकेलने धुऊन, वेल्डिंगचे कण राहू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यात चुंबक फिरवला. ट्रॅकवरच्या पहिल्या वापरानंतर ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात पसरून पाहिला. बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, तो चकाकणाऱ्या पापुद्र्यांच्या रूपात दिसतो, म्हणून तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. कागद स्वच्छ होता.

साध्या टायरवर दाबाची रेषा आता त्या वळणात 45 पीएसआयच्या खाली जात नाही. ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे सेमी-स्लिक टायर घातल्यावर मात्र वळणाचा वेग वाढला आणि शेवटच्या टप्प्यात दिवा पुन्हा लुकलुकला. ड्राय संपचा (तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) खर्च या गाडीच्या किमतीपेक्षा अधिक, म्हणून सुमारे एक लिटरची अ‍ॅक्युसम्प टाकी घेतली. तिच्यात पिस्टनच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल असते. इंजिनचा दाब घसरला की हवा ते तेल फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटमधून इंजिनात ढकलते. तिचा विजेचा व्हॉल्व्ह मी इग्निशनला न जोडता वेगळ्या बटणावर घेतला आहे. पिटमध्ये आल्यावर आरपीएम थोडा चढवून बटण बंद करायचे, मग इंजिन. म्हणजे दाब टाकीत कोंडून राहतो आणि पुढच्या वेळी स्टार्टर मारण्याआधी बटण दाबले की बेअरिंगना तेल आधीच पोचते. डिपस्टिक पाहायची तीही टाकी अशी भरलेली आणि व्हॉल्व्ह बंद असतानाच, नाहीतर टाकीतले तेल चेंबरमध्ये उतरलेले असते आणि पातळी भलतीच वर दिसते.